उंदराचा डोळा आणि धानाची बांधी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आरोग्यावर बोलणारे एक विद्वान हल्ली एकच मुद्दा घोळवतात. जंगलपट्ट्यात डोळ्यांचे डॉक्टर पुरेसे नाहीत आणि पैसा मात्र उंदरांच्या बुबुळांवर ओरखडे काढण्यात जातो. उंदीर वेगळा, माणूस वेगळा. आमच्या माणसांना झाडपाला पुरतो, तेव्हा हे प्रयोग बंद करा. ऐकायला हे गरिबाच्या बाजूचे वाटते. प्रत्यक्षात ते त्याच्या मुळावर येणारे आहे.

पाल्याचे एका वाक्यात सांगतो: जखमी बुबुळावर कच्चा रस पिळला की त्यातले जंतू आणि बुरशी थेट जखमेत जातात. पैशाचेही तसेच: प्रयोगशाळेला कुलूप लावल्याने आरमोरीला डॉक्टर येत नाही.

मला खरा राग आहे तो ‘उंदीर वेगळा’ या वाक्याचा. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा गेला की कडेच्या पेशी सरकत येऊन जखम झाकतात. त्यांना तसा हुकूम पोहोचवतात ती प्रोटीन कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून त्यांचे काम बदलणारी विकरे. ईजीएफ रिसेप्टर हे त्यांतलेच एक. उंदरात ते औषधाने रोखले की जखम रेंगाळते. आणि माणसात? फुप्फुसाच्या कर्करोगावरचे एर्लोटिनिब हेच कायनेज रोखते, आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या बुबुळावरची जखम बुजत नाही. साम्य इथेच थांबत नाही. ज्या उंदरांत हा रिसेप्टर जन्मतः अधू असतो, त्यांच्या मिशा कुरळ्या निघतात. एर्लोटिनिब घेणाऱ्या काहींच्या पापण्यांचे केस लांब आणि वळणदार होतात. उंदराचे बुबुळ कितीतरी पातळ, म्हणून औषधाची मात्रा तशीच उचलता येत नाही, हे मान्य. पण हुकूम तोच आहे. रो-कायनेज हे दुसरे एक कायनेज रोखणारे रिपासुडिल हे औषध जपानने २०१४ साली काचबिंदूसाठी मंजूर केले, तेही आधी प्राण्यांच्या डोळ्यांत तपासूनच.

हा वाद जुनाच आहे. खेड्यात, घरच्या घरी आजारी नवजात बाळ वाचवता येते, हे गडचिरोलीच्याच खेड्यांतल्या अभ्यासाने १९९९ साली दाखवले. तेव्हाही ‘खेड्यात कसले संशोधन’ म्हणणारे होतेच. जंगलातल्या माणसाला ज्ञान कमीच लागते, हा समज दोन्ही वेळचा.

मग करायचे काय? रोवणीत डोळ्याला पात लागते, धान चुरताना कुसळ उडते, आणि काही आठवड्यांनी डोळ्यात फूल पडते. नेपाळच्या भक्तपूरमध्ये गावपातळीवरच्या नेत्रसेवकांनी डोळ्याला इजा झालेल्यांना जवळच्या नेत्रकेंद्रात पाठवले, आणि तिथे ओरखडा तपासून तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिले गेले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकाचीही जखम चिघळली नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ पैकी १४ जणांची चिघळली. सिंदेवाही, मूल, आरमोरी या तालुक्यांतल्या आशाताईंना असे जखमी वेळेत ओळखून पाठवणे शिकवता येईल. पण मलम जंतू रोखते, पेशींना पुढे सरकवत नाही. मधुमेह्याच्या बुबुळाची जखम मुळातच उशिरा भरते. तिथे कायनेजचेच कोडे सोडवावे लागेल.

ओरखडा वेळेत ओळखणे गावात शिकवा, तो कसा भरतो हे प्रयोगशाळेत शोधा. एक हवे तर दुसरे सोडा, ही अट आम्ही का मानावी?