वारसा झाडूचाच का?

न्हावरे हे रस्त्यांचे गाव आहे. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारी आणि शिक्रापूरहून श्रीगोंद्याकडे जाणारी वाहतूक येथे एकमेकींना भेटते. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावचा. त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या आणि मालमोटारी पाहतच येथली मुले मोठी झाली. गाळप बंद राहिल्याचे हंगामही या भागाने अलीकडे सोसले आणि रोजगाराची नजर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीकडे अधिकच वळली. या परिसरातून तिकडे जाणाऱ्यांत यंत्रावर काम करणारे आहेत, तसे फरशा पुसणारे आणि स्वच्छतागृहे धुणारेही आहेत. त्यांना आता ‘हाऊसकीपिंग’चे कामगार म्हणतात. नाव बदलले, हातातली वस्तू बदलली नाही.

या कामगाराने बस चालवायला शिकायचे मनावर घेतले, तर ते कितपत शक्य आहे? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात आपल्या समाजाची परीक्षा आहे.

कायदा त्याच्या आड येत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असला पाहिजे. मगच प्रवासी वा मालवाहू वाहनाचा शिकाऊ परवाना मिळतो. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट केंद्राने २०१९ मध्ये रद्द केली. त्यापूर्वी उत्तम हात असलेले कितीतरी लोक केवळ शाळेच्या दाखल्यापायी अडत असत. केंद्रीय नियमावलीने जड वाहनाच्या शिक्षणासाठी किमान तीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे पंधरा तास ठरवून दिले आहेत. पुढे मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, आरटीओची परीक्षा आणि प्रवासी वाहनासाठी बॅज.

कागदावर पंधरा तास म्हणजे काहीच नाही. परंतु ठेकेदाराकडे हजेरीवर राबणाऱ्या माणसाला ते तीस दिवसांत विभागून आणायचे कोठून? पाळी आठवड्याला बदलते. सकाळची वेळ ठरवावी तर पुढच्या आठवड्यात सकाळचीच ड्यूटी येते. खाडा पडला की रोज बुडतो आणि चार खाडे पडले की मुकादम दुसरा माणूस उभा करतो. शिकवणीची फी एक वेळ उसनवारी करून भरता येईल, बुडालेला रोज कोण भरून देणार? बस चालवणे म्हणजे मोटार चालवण्याची मोठी आवृत्ती नव्हे. हवेचा दाब पुरेसा भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, वळणावर मागचे चाक आत येते आणि शेपटी बाहेर झुकते, आरशातून चाळीस फुटांचा अंदाज घ्यायचा. हे अंगी मुरायला सलग सराव लागतो. आठ तास वाकून फरशी पुसलेल्या माणसाने तो करायचा असतो.

येथे आपल्याकडच्या एका विचित्र व्यवस्थेकडे लक्ष वेधणे भाग आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने त्याविषयीचा सुधारित निर्णय काढला. हा हक्क काढून घ्यावा असे कोणी सुचवत असेल तर तो अन्याय ठरेल. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी गावाची घाण उचलली, त्यांच्या घरातली ती एकच शाश्वत भाकरी आहे. पण वारशाने झाडू देण्याची यंत्रणा आपण इतक्या काळजीने उभी केली, त्याच्या दशांश काळजीनेही झाडूपासून पुढे नेणारी पायरी बांधली नाही, हे खरे आहे. कंत्राटी कामगाराला तर तो वारसाही नाही.

रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून उपोषणाचा मार्ग पत्करला होता. २ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत झाडू हाती घेतला. या दोन्ही कृतींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र इतरांनी झाडू उचलणे हे समरसतेचे अर्धे काम झाले. ज्याच्या हाती तो जन्माने आला त्याला तो खाली ठेवता येणे हे उरलेले अर्धे आहे, आणि त्याची छायाचित्रे निघत नसल्यामुळे की काय, तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

असे काही होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहावे. जून २०२३ मध्ये सासवड–नीरा मार्गावर अर्चना आत्राम यांनी एसटीची बस चालवली. महामंडळाची पहिली महिला चालक म्हणून त्यांची नोंद झाली. त्या सफाई कामातून आल्या नव्हत्या. पण त्यांची कथा येथे उपयोगी पडते ती वेगळ्या कारणाने. महिलांसाठी महामंडळाने जड वाहनाच्या पूर्वानुभवाची अट शिथिल केली आणि शिकवण्याचा भार स्वतः उचलला. २०१९ मध्ये सुरू झालेले हे काम मध्ये करोनाने रेंगाळले, तरी ते तडीस गेले. म्हणजे संस्थेने मनावर घेतले की चालक घडवता येतो, तो बाहेर तयार होऊन येण्याची वाट पाहावी लागत नाही.

ज्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला शिरूरवरूनच गेली, त्या एसटीने २०१७ मध्ये गाड्यांची व स्थानकांची स्वच्छता खासगी संस्थेकडे सोपवली. आर्थिक हिशेब काहीही असो, त्याचा एक परिणाम कोणी मोजला नाही. रोज बस धुणारा माणूस त्या दिवसापासून एसटीचा उरला नाही, त्यामुळे आतल्या आत वर चढण्याची त्याची शक्यताही संपली. उलट २०२५ मध्ये महामंडळाने १७ हजारांहून अधिक चालक व सहायक कंत्राटी पद्धतीने घेण्याचे जाहीर केले. चालक हवेत म्हणून निविदा निघते आणि त्याच आगारात पहाटे काचा पुसणाऱ्याला कोणी विचारत नाही, ‘बाबा, शिकतोस का?’

सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जाईल. पन्नास प्रवाशांचे प्राण ज्याच्या हाती, त्याच्या परीक्षेत सवलत कशी द्यायची? कोणीही मागितलेली नाही. परीक्षा तीच असावी, हवी तर अधिक कडक. सवलत हवी आहे ती वेळेची. रांजणगावच्या कारखान्यांकडे कामगार आणणाऱ्या बसगाड्या आहेत आणि सफाईचा ठेका देताना अटी घालण्याचा अधिकारही आहे. शिकाऊ परवाना काढलेल्या कामगाराची पाळी तीस दिवस बदलायची नाही, त्या तासाचा रोज कापायचा नाही आणि बॅज हाती आल्यावर रिकाम्या होणाऱ्या चालकाच्या जागेसाठी त्याला आधी विचारायचे, एवढे कलम ठेक्यात घालायला शासननिर्णय लागत नाही. पुढचा ठेका निघेल तेव्हा न्हावरे-शिरूर भागातील कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीखाली ही एक ओळ लिहून पाहावी.