कॉम्प्रेसर गेला म्हणे!

आजची आठवण जुनी नाही, याच जुलैमधली आहे. पण मनात राहिलीय म्हणून लिहितो, आणि थोडं भांडायचंही आहे.

आमच्या दांडिया बाजारच्या घरात फ्रिज बाहेरच्या खोलीत असतो. वाड्याच्या वाटण्या झाल्यावर स्वयंपाकघर एवढंसं उरलं. फ्रिजच्या शेजारीच आईचा पलंग. आई ८३ वर्षांची. एका रात्री वरच्या फ्रीझरमधून खर्र-खर्र सुरू झालं. लहानपणी सायकलच्या तारांत पुठ्ठा अडकवला की यायचा ना, अगदी तसा आवाज. तीन रात्री आईच्या डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी कंपनीत फोन लावला.

मुलगा आला. दार उघडलं, लावलं, मागे हात लावून बघितला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय काका. गॅस धरून नऊ हजार. फ्रिज ११ वर्षांचा झाला, नवाच घेऊन टाका." पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. संध्याकाळी चिरंजीवांचा बेंगळुरूहून फोन, "बाबा, मी ऑर्डर करून टाकतो." आई काही बोलली नाही. तो फ्रिज बाबांनी जायच्या आदल्या वर्षी आणला होता. आणि त्यात तिचा केसरचा रस होता, चौदा डबे.

मला राग कशाचा आला सांगतो. खूण त्या मुलाच्या हातात होती! दार उघडलं की आवाज थांबत होता, लावलं की परत सुरू. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड थंड कॉइल असते आणि तिची हवा फिरवायला छोटा पंखा. बहुतेक फ्रिजांत दार उघडलं की हा पंखा थांबतो. कॉम्प्रेसर बिचारा मागे खाली बसलेला असतो, तो चालू असेल तर दार उघडलं म्हणून लगेच थांबत नाही. मग दोषी कोण? मलाही हे तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणा. रावपुऱ्यातले एक मिस्त्री आहेत, सत्तरीचे, त्यांनी दाखवलं. आल्या आल्या मी कंपनीचं पुराण सुरू केलं तर म्हणाले, "पहेलां सांभळो तो खरा." दार उघडं ठेवून त्यांनी दाराचं बटण बोटानं दाबलं. खर्र-खर्र! आई पलंगावरून म्हणाली, "हाच तो मेला."

प्लग काढून पॅनेल उघडलं तर आत बर्फाचा डोंगर, आणि पंख्याची पाती त्याला घासत होती. कॉइलवर दव धरतंच, ते वितळवायला हीटर असतो, तो ठरावीक वेळानं आपोआप लागतो आणि पाणी नळीवाटे खालच्या ट्रेमध्ये जातं. आमच्या हीटरला चालू करणारा बायमेटल मेला होता. मिस्त्रींनी मीटर लावून खात्री केली, नुसता अंदाज नाही. शिवाय दाराच्या रबराचा खालचा कोपरा उचललेला. दारात दहाची नोट धरून ओढायला सांगितली, सुळकन बाहेर आली. म्हणजे पावसाळी दमट हवा रात्रंदिवस आत. हा दोष कंपनीचा नाही, आमचा. मटारच्या पिशव्या कोंबकोंबून दार ढकलून लावायची आमच्या घरची रीत.

रस वितळायच्या आत तीन शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये पोचवला, रात्रभर दारं उघडी, खाली जुनी लुगडी. सकाळी नवा बायमेटल बसला. मजुरीसकट ६५० रुपये.

एक सांगून ठेवतो. बर्फ सुरीनं किंवा उलथन्यानं खरवडू नका. सुरतेच्या आमच्या मेहुण्यांनी कॉइललाच भोक पाडलं, गॅस गेला, फ्रिज भंगारात. हल्लीच्या पुष्कळ फ्रिजांत आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो, तेव्हा गॅसचं काम घरी नकोच. आवाज ऐकणं मात्र कुणालाही जमतं. गुळगुळ म्हणजे गॅस फिरतोय, ते चालायचंच. मागून थरथर येत असेल तर आधी पाय सारखे करा, ट्रे हलतोय का बघा. घूं करून टक्, थोड्या वेळानं पुन्हा घूं-टक्, आणि गारवा नाही, तेव्हा कॉम्प्रेसरचा संशय घ्यावा. तोही व्होल्टेज आणि रिले बघितल्यावर. आणि खरंच कॉम्प्रेसर गेला असता तर ११ वर्षांच्या फ्रिजवर नऊ हजार मीही घातले नसते. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही.

पण मंडळी, सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते याच गावात. दादासाहेब फाळके तिथं शिकले, हे आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. माझे आजोबाही तिथलेच. घड्याळ बंद पडलं की ते आधी कानाला लावायचे, मग उघडायचे. त्यांच्या नातवानं ऐकण्याआधी फोन लावला आणि नव्याची किंमतही विचारली, हे मला लागलं. त्या मुलाला मी फार दोष देत नाही, त्याला दिवसात किती घरं उरकायची असतात कुणास ठाऊक. आपल्याला कसली घाई होती?

रस परत आला, तेरा डबे. चौदावा कुणाकडे राहिला ते आईला माहीत आहे, ती सांगत नाही.

दाराचं रबर गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून तात्पुरतं बसवलंय. मापाचं नवं कापून देणारा कुणी मंगळ बाजाराच्या बाजूला अजून बसतो का? ठाऊक असेल तर कळवा.