प्रगणकाने प्रथम काय सांगावे?

जनगणनेचा प्रगणक दाराशी उभा राहून कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, वय, जात आणि व्यवसाय विचारू लागतो, तेव्हा ‘हा तपशील पुढे कोणाच्या दप्तरी पडणार?’ अशी जी शंका सुज्ञ गृहस्थाच्या मनात उद्भवते, तिला भित्रेपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. अमेरिकेत गुप्ततेचे वचन कायद्याने दिलेले असतानाही १९४२ साली युद्धाच्या निमित्ताने ते शिथिल करण्यात आले, आणि जपानी वंशाचे लोक कोठे राहतात हे हुडकण्यास खानेसुमारीच्याच दप्तराने साहाय्य केले.

यावर उपाय म्हणून हमीचा मजकूर लांबवत नेण्याची जी प्रथा पडली आहे, तिने बहुधा उलटेच साधते. सर्वेक्षणशास्त्रात ज्यांचे कार्य पायाभूत मानले जाते, त्या एलिनॉर सिंगर यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, प्रश्न साधे असताना गोपनीयतेची विस्तृत ग्वाही वाचून लोक अधिकच सावध होतात व उत्तर देण्यास कमी राजी होतात; प्रश्न खरोखर नाजूक असतील, तेव्हा मात्र तीच ग्वाही उपयोगी पडते. ओळख-क्रमांक देताना तर माणूस विशेष कचरतो, कारण त्या एका आकड्याने त्याची सारी दप्तरे एकमेकांस जोडता येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात सामाजिक सुरक्षा क्रमांक सांगण्यास नकार वाढत गेला, तेव्हा २००७ पासून नऊ अंकांऐवजी अखेरचे चारच विचारण्यात येऊ लागले, आणि ज्यांच्या नोंदी जुळवता येतात अशांचे प्रमाण वाढले. मागणीच कमी केल्याने विश्वास वाढतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे आधार क्रमांक जरुरीचा विचार न करता सर्रास मागितला जातो, हे पाहून खेद होतो.

आपला १९४८ चा जनगणना कायदा मात्र या बाबतीत भक्कम आहे. त्याच्या १५ व्या कलमान्वये प्रगणकाची नोंदवही पाहण्याचा हक्क कोणासही नाही, दिवाणी दाव्यात ती नोंद पुरावा म्हणून ग्राह्य नाही, आणि त्या कायद्याखालचे खटले वगळता फौजदारी कामातही नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्यास शिक्षा आहे. बहुसंख्य नागरिकांच्या कानांवर हे कधी पडलेलेच नसते. २०२७ ची जनगणना मोबाइलवर नोंदली जाणार आहे; तेव्हा जनगणना आयुक्तांनी, पानभर मजकुराखाली ‘मान्य’चे बटण देऊन न थांबता, या कलमाचा आशय दोन सुबोध मराठी वाक्यांत प्रगणकाच्या तोंडी द्यावा, आणि पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी ती वाक्ये उच्चारणे त्याच्यावर बंधनकारक करावे.