फळ्यावरचे उतरवणे म्हणजे लिहिणे नव्हे!

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत पडतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. शाळेची पायरी चढणारे प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि जन्मभर साक्षर राहावे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू, अशी त्यांची मांडणी होती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच महिन्यातला. पाण्याचा हक्क आणि अक्षराचा हक्क बाबासाहेबांनी एकाच महिन्यात मागितला, हे आपण विसरता कामा नये.

या गोष्टीला शंभर वर्षे होत आली. त्या ८२ मुलांचे आज काय झाले? आज ती शाळेबाहेर नाहीत. पटावर त्यांची नावे आहेत, अंगावर गणवेश आहे, दुपारी खिचडी मिळते. परंतु 'असर' या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की, देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येत नाही. पूर्वी आमचे मूल शाळा सोडून निरक्षर राहत होते. आता ते शाळेत बसून निरक्षर राहते. एवढाच काय तो फरक!

मग या मुलांच्या वह्या कोऱ्या असतात का? मुळीच नाही. त्या भरलेल्या असतात आणि खरी फसवणूक येथेच आहे. फळ्यावर लिहिलेले प्रश्न, फळ्यावर लिहिलेली उत्तरे, खाली लाल शाईची सही. मुलाने अक्षरांची चित्रे काढली, त्यात त्याचे स्वतःचे एकही वाक्य नाही. वाचनाचेही तेच. बाई एक ओळ म्हणतात, चाळीस मुले एका सुरात ती पुन्हा म्हणतात. त्या सुरात कोणाला वाचता येते आणि कोण नुसतेच ओठ हलवते, हे कळायला मार्ग नसतो. पाठांतर ही या देशातील वर्णव्यवस्थेची जुनी रीत आहे. अर्थ विचारायचा नाही, फक्त म्हणायचे! तीच रीत बाराखडीच्या रूपाने पहिलीच्या वर्गात येऊन बसली आहे.

याच्या नेमके उलट शिक्षण कसे असते, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील १४ वर्षांच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले, पेशवाईतल्या जुलमाविषयी लिहिले. वेदांवर ज्यांचा अधिकार नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा थेट सवाल तिने ब्राह्मण्याला केला. हे तिला कोणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. जेमतेम तीन वर्षांच्या शाळेत त्या मुलीला स्वतःचे म्हणणे कागदावर मांडता आले. आज सात-आठ वर्षे शाळेत घालवलेल्या आपल्या मुलीला आपल्या वस्तीविषयी एक पान लिहिता येते का? हा प्रश्न प्रत्येक आई-बापाने विचारला पाहिजे.

येथे भाषेचा मुद्दा येतो. मूल वर्गात 'पानी' म्हणाले, 'साळा' म्हणाले की वर्ग हसतो, आणि कित्येकदा शिकवणाराही हसतो. पहिल्याच वर्षी त्या मुलाला कळते की, आपल्या आईची भाषा अशुद्ध आहे आणि आपले तोंड बंद ठेवलेलेच बरे. ज्याचे बोलणे मारले, तो लिहिणार काय? मेळघाटातील कोरकू मुलाला, गडचिरोलीतील गोंडी मुलाला, तांड्यावरच्या गोरमाटी आणि पालावरच्या पारधी मुलाला तर पहिलीचे पुस्तक परक्या भाषेतलेच वाटते.

ही शुद्ध-अशुद्धाची काठी जुनी आहे. जोतीरावांच्या ग्रंथांतील विचाराला उत्तर देता आले नाही तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टिंगल केली. शांताबाई कांबळे या स्वतः शिक्षिका होत्या. त्यांच्या आत्मकथनाचे नाव आहे 'माज्या जल्माची चित्तरकथा'. हेच नाव एखाद्या मुलीने वहीत लिहिले असते तर त्यावर किती लाल गोल पडले असते? आपल्या माणसांनी घरची भाषा छापील पानावर आणली तेव्हा मराठी साहित्य श्रीमंत झाले. वर्गात मात्र ती अजून उंबऱ्याबाहेरच उभी आहे.

प्रमाण मराठी शिकवू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. स्पर्धा परीक्षा, कोर्टकचेरी, अर्ज, नोकरी या सर्व ठिकाणी तिची गरज आहे आणि ती आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. इंग्रजीही आली पाहिजे. पण घरची भाषा ही पहिली पायरी आहे. जे मूल स्वतःच्या बोलीत वाचायला शिकले नाही, ते न समजणाऱ्या इंग्रजीचे फळे उतरवून इंग्रज होत नाही. वस्तीतले आई-बाप पोटाला चिमटा काढून स्वस्तातल्या इंग्रजी शाळेची फी भरतात आणि त्यांच्या पदरात पडते ती पुन्हा भरलेली वही!

उपाय काही आकाशातून आणायचा नाही. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळी अक्षरे संपल्यावर शब्द, असा क्रम कशासाठी? 'ङ' आणि 'ञ' वरून मराठीत एक शब्द तरी सुरू होतो का? म, क, ल, र ही चार अक्षरे आणि एक काना घेतला तर काम, मका, मामा, कमाल, लाल हे शब्द पहिल्याच महिन्यात वाचता येतात. वाचले ते समजते, म्हणून मूल पुढे सरकते. मुलांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहावी आणि तीच त्यांना वाचायला द्यावी. रोज एक नवी गोष्ट वाचून दाखवावी. मुलांनी रोज दोन वाक्ये मनाने लिहावीत. आधी ती काय म्हणतात ते वाचावे, वेलांटी मागाहून सुधारावी. अनेक तळमळीचे शिक्षक हे करीत आहेत.

सरकार काय करते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. तरीही शिक्षक माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात अडकलेला आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे म्हणून २०२१ मध्ये 'निपुण भारत' आले, तर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव महाराष्ट्रात मागवले गेले. वाडी-तांड्यावरची शाळा हलवायची आणि वाचनाचे उद्दिष्ट जाहीर करायचे, हा कुठला न्याय? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी हेच सांगितले होते की, पैसा कष्टकऱ्यांच्या करातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्यांना मिळते.

सरकारला जाब विचारायचाच, पण त्यासाठी आपल्या हाती पुरावा हवा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असावेत, असे कायदा सांगतो. त्या जागा आपल्या आया-बहिणींनी घ्याव्यात. बैठकीत रंगरंगोटीच्या आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान मुलाला वाचायला द्यावे आणि काय वाचले ते त्याच्या शब्दांत विचारावे. नंतर वही उघडून फळ्यावर नसलेले एक तरी वाक्य त्यात आहे का ते पाहावे. या परीक्षेला आई शिकलेली असण्याचीही गरज नाही. मुलाचे सांगणे ऐकून तिला सर्व कळते.

बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर एक तास मुलांच्या वाचनाचा ठेवावा. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवणाऱ्या आपल्या शिक्षक बांधवांनी आणि भगिनींनी हा तास चालवावा. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा पैसा गोष्टींच्या पुस्तकांना द्यावा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीदिनी प्रत्येक वस्तीतून मुलांचे हस्तलिखित निघावे, आणि त्यातला शब्द न् शब्द मुलांचा असावा.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातला पहिला शब्द 'शिका' आहे. 'उतरवून घ्या' असे बाबासाहेबांनी सांगितलेले नाही. १९२७ च्या त्या ८२ मुलांचा हिशेब अजून बाकी आहे. तो मागायला आपल्या वस्तीतल्या शाळेपासून सुरुवात करू या.

जय भीम!