आजीच्या मागोमाग

हनोईतल्या पहिल्या सकाळी आम्ही दोघं होआन किएम तळ्याकाठी दहा मिनिटं नुसतेच उभे. स्कूटरींचा लोंढा थांबेचना. शेवटी कावड घेतलेली एक आजी रस्त्यात शिरली, न धावता, न थबकता. स्कूटरी तिला वळसा घालून गेल्या. आम्ही तिच्या मागोमाग. पुण्यात जन्म काढून हे शिकायचं राहिलंच होतं! मग अंड्याच्या बलकाची कॉफी. १९४६ साली दुधाची टंचाई होती, त्यातून निघालेली युक्ती. ह्यांनी आधी नाक मुरडलं, मग दोन कप प्यायले. १०७० सालच्या वान मिएउ मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख, परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांच्या नावांचे. पाहायच्या ठिकाणांच्या आमच्या यादीतलं बाकी सगळं राहिलं. या पर्यटन विशेषांकात म्हणूनच ‘पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं’ नाहीत. परक्या शहरातला तुमचा पहिला दिवस जरूर लिहून कळवा.