मिटवून टाकू नका!

एक्स्टर्नल संपली की हॉस्टेलमध्ये दोनच विषय असतात. केटी किती लागणार आणि गोव्याला कधी निघायचं! ट्रिपचं प्लॅनिंग आपण इतकं मन लावून करतो की तेवढं प्रोजेक्टचं केलं तर गाईडच्या डोळ्यांत पाणी येईल. गाडी कोणाची, कॉन्ट्री किती, पुढे कोण बसणार, सगळं ठरतं. ठरत नाही ती एकच गोष्ट. परराज्यात गाडी ठोकली आणि आपल्यातल्या कोणाला लागलं, तर काय करायचं? ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून हा विषय कोणी काढतच नाही.

मग वेळ आली की आपला एकच फॉर्म्युला असतो, "मिटवून टाक." माझं स्पष्ट मत आहे की हा फॉर्म्युला साफ चुकीचा आहे.

मागच्या वर्षी आमच्या विंगमधला एक जण मित्रांबरोबर गोकर्णला निघाला होता. अंकोल्याजवळ बाजूनं आलेल्या गाडीनं धडक दिली. कन्नड येत नाही, पोलिसांची भानगड नको, घरी कळायला नको! समोरच्यानं तीन हजार रुपये काढून दिले, यांनी ते घेतले आणि दुखऱ्या खांद्याला टॉवेल बांधून रात्रभर प्रवास करत परत आले. इथे एक्स-रे काढला तर कॉलर बोन मोडलेलं. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. बिल वडिलांनी भरलं. ते एसटीत कंडक्टर आहेत. आणि अपघात झाला याचा पुरावा? एकही कागद नाही. त्या गाडीचा नंबरसुद्धा कोणी लिहून घेतला नव्हता.

मी त्या मुलांना दोष देत नाही. थर्मोडायनॅमिक्सचे नियम आपल्याला घोकून घेतात, हे नियम कोणी सांगतच नाही. म्हणून थोडं सांगते.

सगळ्यात आधी जखमी माणूस, बाकी सगळं नंतर. ११२ आणि १०८ हे नंबर कर्नाटक आणि गोव्यातही चालतात, नॅशनल हायवेवर १०३३ आहे. मानेला किंवा पाठीला मार असेल तर ओढून उठवू नका. डोक्याला लागलं असेल तर ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये न्या. ‘आधी पोलीस, मग उपचार’ असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय. तिथे ‘बाथरूममध्ये पडला’ असली थाप मारू नका. अपघात म्हणूनच नोंद करायला सांगा. पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

पैशाची भीती सगळ्यांनाच असते. मे २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेत ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांमध्ये, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रत्येक जखमीवर दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार होतात. मात्र त्यासाठी पोलिसांकडून अपघाताची खातरजमा व्हावी लागते. म्हणजे ‘मिटवलं’ की हेही गेलंच!

आता पोलीस. तक्रार शक्यतो तिथेच करावी. पण घाईत परत आलात तरी सगळं संपलं असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात झिरो एफआयआरची सोय आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, आपल्या पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि तो तिकडे पाठवला जातो. भरपाईच्या दाव्यासाठी तर कारवारला खेटे घालायचीही गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्येही अर्ज करता येतो. फक्त १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, त्यामुळे ‘सेमिस्टर संपल्यावर बघू’ चालणार नाही. साक्षीसाठी एखादी चक्कर पडू शकते, हे मान्य. पण एक चक्कर बरी की आयुष्यभर दुखणारा खांदा?

आणि निघण्याआधी गाडी बघा हो! भाड्याची सेल्फ ड्राइव्ह असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत. ओळखीतल्या कोणाची पांढऱ्या पाटीची गाडी ‘स्वस्तात’ भाड्यानं घेतली तर इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते. मित्राच्या घरची गाडी असली तरी पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे का, हे विचारा. तशी असेल तर आत बसलेल्यांना तिचा फारसा आधार नसतो.

शेवटचं मागणं आपल्या सरांकडे आणि मॅडमकडे. मुलं घरी किंवा रेक्टर सरांना फोन करत नाहीत, कारण पहिला प्रश्न काय येणार हे त्यांना पाठ असतं, "परवानगी घेतली होती का?" तो प्रश्न जरूर विचारा, पण चौथा विचारा. आधी विचारा, कोणाला लागलंय, कुठे आहात, हॉस्पिटल कोणतं. एवढा भरवसा असला तर रात्री दोन वाजता घाबरलेला मुलगा तीन हजार रुपये खिशात घालायच्या आधी तुम्हाला फोन करेल.

आणि मित्रांनो, ओरडा खाऊन माणूस मरत नाही. मेसची भाजी पचवणाऱ्यांना तो सहज पचेल!