टेबल मावते, खेळ मावत नाही

घरात पूल टेबल बसेल का, हे पाहताना बहुतेक जण टेबलच मोजतात. वस्तुतः मोजायची असते ती त्याभोवतीची मोकळीक. सात फुटी म्हणवल्या जाणाऱ्या टेबलाचा खेळण्याचा पृष्ठभाग ७८ बाय ३९ इंच आणि काठी, म्हणजे क्यू, ५८ इंचांची. ती चारही बाजूंना मागे खेचता यायची तर खोली साधारण १६ बाय १३ फूट हवी. म्हणजे २०८ चौरस फूट. मुंबईतील बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या नांदल्या!

मार्क ट्वेन हार्टफर्डच्या घरी (१८७४-१८९१) सर्वांत वरच्या मजल्यावरील बिलियर्डच्या खोलीत लिहीत असे, हस्तलिखिताची पाने टेबलावर पसरीत असे. या स्वच्छंदाचे आपण वर्गात कौतुक करतो. त्या घराला पंचवीस खोल्या होत्या, हे सांगत नाही.

आपल्या दिवाणखान्यात टेबल आले की आजीची खाट आणि मुलांचा अभ्यास यांनाच सरकावे लागते. ४८ इंची आखूड क्यूची तडजोड मला पटत नाही. फटक्याची लयच मोडते. वर फळ्या टाकून त्याचेच जेवणाचे टेबल करणे त्यातल्या त्यात बरे. मात्र त्या जड फळ्या रोज उचलायच्या कोणी, हे खरेदीपूर्वीच ठरलेले असावे.